बायजूजचा ताळेबंद आणि रिकामी राहिलेली खुर्ची

२२ जून २०२३ रोजी डेलॉइट हास्किन्स अँड सेल्स या फर्मने बंगळुरूच्या थिंक अँड लर्न प्रायव्हेट लिमिटेड या कंपनीचं लेखापरीक्षण सोडलं. नेमणूक मार्च २०२५ पर्यंतची होती. राजीनाम्याच्या पत्राचा मथितार्थ असा: मार्च २०२२ ला संपलेल्या वर्षाची आर्थिक पत्रकं सप्टेंबर २०२२ अखेर सर्वसाधारण सभेपुढे यायला हवी होती, ती फार लांबली. आदल्या वर्षाच्या अहवालात जे शेरे होते त्यांचं पुढे काय झालं, हे आम्हाला कळवलेलं नाही. वह्या तपासणीसाठी कितपत तयार आहेत, तेही कळवलेलं नाही. आणि आजच्या तारखेला आम्ही काम सुरूसुद्धा करू शकलेलो नाही. त्याच दिवसांत पीक एक्सव्ही, प्रोसस आणि चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह या तीन बड्या गुंतवणूकदारांचे प्रतिनिधी संचालक मंडळातून बाहेर पडले.

थिंक अँड लर्न म्हणजे बायजूज, ऑनलाइन शिक्षण विकणारी कंपनी. या कंपनीच्या पडझडीवर भरपूर लिहून झालं आहे. जर्सीवरची जाहिरात, पालकांच्या मागे लागणारे विक्री प्रतिनिधी, संस्थापकांचं वागणं, अमेरिकेतलं कर्ज, सगळं. मला या प्रकरणात रस आहे तो एका कोपऱ्यापुरता: हिशेब पाहणारे लोक नेमके कुठे होते, कुठे असायला हवे होते, आणि एवढ्या मोठ्या कंपनीत कुठली खुर्ची रिकामी होती. चार-पाच कोटींची उलाढाल असलेला एखादा सॉफ्टवेअर स्टार्टअप जेव्हा पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या सीए फर्मच्या दारात येतो, तेव्हा हाच प्रश्न लहान आकड्यांत पुन्हा उभा राहतो.

कंपनी, थोडक्यात

केरळच्या कण्णूर जिल्ह्यातले बायजू रवींद्रन कॅटच्या परीक्षेचे वर्ग घेत. २०११ मध्ये कंपनी झाली, २०१५ मध्ये अ‍ॅप आलं. २०१९ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या छातीवर कंपनीचं नाव झळकलं. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि पैसा धो-धो आला. त्यातून खरेदीचा सपाटा सुरू झाला: २०२० मध्ये मुंबईची व्हाइटहॅट ज्युनियर सुमारे ३० कोटी डॉलरला, २०२१ मध्ये आकाश कोचिंग संस्था जवळजवळ शंभर कोटी डॉलरला, शिवाय इतर अनेक. नोव्हेंबर २०२१ मध्ये परदेशी सावकारांकडून १२० कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. २०२२ मध्ये कंपनीचं मूल्यांकन २२०० कोटी डॉलरवर गेलं. देशातला सर्वांत महाग स्टार्टअप.

हे सगळं घडत असताना मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षाचा ताळेबंद बाहेर आलेला नव्हता. मूल्यांकन २०२२ चं आणि लेखापरीक्षित आकडे २०२० चे. ही दोन वर्षांची फट डोळ्यांपुढे ठेवा.

विक्री झाली कधी?

बायजूजचा माल आधी समजून घ्यायला हवा. पालकांना विकलं जायचं ते एक पॅकेज होतं. त्यात टॅबलेट, त्यात भरलेले धडे, अ‍ॅपवर दोन-तीन वर्षांचा प्रवेश, आणि पुढे-पुढे थेट वर्ग. किंमत बऱ्याच घरांना एकरकमी न झेपणारी. म्हणून हप्ते, आणि अनेकदा त्या हप्त्यांमागे तिसऱ्याच वित्तसंस्थेचं कर्ज. पालकांना हप्ता 'बिनव्याजी' दिसायचा, कारण व्याज कंपनी भरायची.

आता हिशेबाचे तीन प्रश्न. तीन वर्षांच्या प्रवेशाची रक्कम पहिल्याच दिवशी कमाई म्हणून धरायची की तीन वर्षांत वाटायची? हप्त्यावर विकलं आणि पुढचे हप्ते येतील याची खात्री नसेल, तर विक्री धरायची की पैसे हाती येईपर्यंत थांबायचं? आणि पालकांच्या वतीने भरलेलं व्याज हा कंपनीचा वित्तखर्च, की किमतीतली सूट?

सप्टेंबर २०२२ मध्ये रवींद्रन यांनी स्वतःच सांगितलं की डेलॉइटच्या आग्रहामुळे या तिन्ही बाबतींत रीत बदलावी लागली. दीर्घ मुदतीच्या अभ्यासक्रमांची कमाई मुदतभर वाटली गेली. उधारीच्या विक्रीची कमाई वसुली पूर्ण झाल्यावर धरली गेली. आणि वित्तसंस्थांना दिलेलं व्याज वित्तखर्चातून काढून थेट महसुलातून वजा केलं गेलं. परिणामी त्या वर्षाच्या महसुलाचा सुमारे ४० टक्के भाग पुढच्या वर्षांत ढकलला गेला, असं त्यांचं म्हणणं.

एक काल्पनिक पॅकेज घेऊन पाहू. जानेवारी २०२१ च्या पहिल्या तारखेला ७८,००० रुपयांना विकलेला ३६ महिन्यांचा अभ्यासक्रम. पालकांच्या हप्त्यांवरचं ६,००० व्याज कंपनीने भरलं. जुन्या रीतीने मार्चअखेर महसूल ७८,०००, आणि खाली कुठेतरी वित्तखर्चात ६,०००. नव्या रीतीने व्याज आधीच वजा, म्हणजे खरी किंमत ७२,०००. त्यातला टॅबलेटचा वाटा १२,००० धरू, तो हातात दिला म्हणून लगेच कमाई. उरलेले ६०,००० छत्तीस महिन्यांत वाटायचे, तर तीन महिन्यांचे ५,०००. एकूण १७,०००. बाकीचे ५५,००० ताळेबंदाच्या देण्याच्या बाजूला बसतात, कारण त्या मुलाला अजून पावणेतीन वर्षं शिकवायचं आहे. हेही पैसे वसूल झालेत असं गृहीत धरून. नसतील तर चित्र आणखी आक्रसतं.

७८ हजार आणि १७ हजार. विक्री तीच, पालक तेच, टॅबलेट तोच.

गल्लीतल्या क्लासच्या सरांनी आठवी ते दहावीची फी एकदम घेतली आणि त्याच वर्षी घराला मजला चढवला, तर नववीच्या वर्षी शिक्षकांचे पगार कुठून देणार, हे शेजारीपाजारीही विचारतात. हिशेब कसा मांडायचा याचा नियम, म्हणजे लेखा प्रमाण, विचारतं ते याहून वेगळं नाही.

व्याजाची बाब जरा जास्त नाजूक आहे, आणि माझ्या मते या तिन्हींत सर्वांत बोलकी. स्टार्टअपच्या दुनियेत गुंतवणूकदार पाहतात तो आकडा बहुतेक वेळा 'एबिटडा', म्हणजे व्याज, कर आणि घसारा धरण्याआधीचा नफा किंवा तोटा. ६,००० रुपये वित्तखर्चात टाकले की ते या आकड्याच्या बाहेर जातात. महसूल फुगलेला राहतो आणि धंद्याचा तोटाही कमी दिसतो. एक नोंद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकते, एकूण तोटा पैशानेही बदलत नाही, पण ज्या आकड्यावर कंपनीची किंमत ठरते तो बदलतो.

महसूल कसा धरायचा याचं लेखा प्रमाण, इंड एएस ११५, एप्रिल २०१८ पासून लागू आहे. मग हे सगळं २०२०-२१ चा हिशेब करतानाच का उकरलं गेलं? कंपनीची बाजू अशी होती की कोविडच्या वर्षात धंद्याची रीतच बदलली, थेट प्रक्षेपणाचा भाग वाढला, म्हणून धोरणही बदललं. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. नुसती भरलेली मेमरी कार्डं विकणं आणि तीन वर्षं वर्ग चालवण्याचं वचन विकणं यांत फरक आहेच. पण तो फरक माल बदलला त्या दिवशी कुणीतरी कागदावर मांडायला हवा होता. वर्ष संपून वर आणखी वर्ष लोटल्यावर तो मांडला गेला.

आकडे

१४ सप्टेंबर २०२२ ला, वर्ष संपल्यावर जवळजवळ दीड वर्षाने, २०२०-२१ चे आकडे आले. महसूल २,४२८ कोटी रुपये, आदल्या वर्षीच्या २,५११ कोटींपेक्षाही कमी. तोटा ४,५८८ कोटी; आदल्या वर्षी तो दोनशे-अडीचशे कोटींच्या घरात होता. देशभरची मुलं घरी बसून मोबाइलवर शिकत होती त्या वर्षात ऑनलाइन शिक्षणाच्या सर्वांत मोठ्या कंपनीचा महसूल घटला, हे वाचून लोक चक्रावले. जाहिरात आणि पगार त्या-त्या वर्षी खर्ची पडतात, कमाई मात्र पुढे ढकलली गेली, हे त्याचं निम्मं स्पष्टीकरण. उरलेलं निम्मं म्हणजे विकत घेतलेल्या कंपन्यांचे तोटे, त्यांत व्हाइटहॅट ज्युनियर ठळक.

त्याच वेळी कंपनीने सांगितलं की २०२१-२२ मध्ये ढोबळ महसूल दहा हजार कोटींच्या आसपास आहे. लेखापरीक्षण व्हायचं होतं. ते आकडे पूर्णपणे बाहेर यायला जानेवारी २०२४ उजाडलं: एकूण महसूल ५,२९८ कोटी, तोटा ८,२४५ कोटी. 'ढोबळ' या शब्दाच्या पोटात किती मावतं ते यावरून कळावं.

पुरावा खतावणीत नाही

इथे जरा थांबायला हवं, कारण हिशेब तपासणाऱ्यांच्या कामात काय बदललं आहे ते इथेच दिसतं.

जुन्या पद्धतीच्या कारखान्यात विक्रीचा पुरावा म्हणजे बिल, गेट पास, ट्रकची पावती आणि ग्राहकाचं शिक्कामोर्तब. आर्टिकल क्लार्क, म्हणजे सीए होण्यासाठी उमेदवारी करणारी पोरं, व्हाउचरच्या फायली काढून टिकमार्क करत बसायची. बायजूजसारख्या कंपनीत एका विक्रीचा पुरावा चार ठिकाणी विखुरलेला असतो. करार विक्री विभागाच्या प्रणालीत. कर्ज मंजूर झालं का, किती हप्ते आले, किती थकले, हे वित्तसंस्थेच्या फायलीत. प्रवेश कधी सुरू झाला आणि कधी संपणार, हे अ‍ॅपच्या सर्व्हरवर. पालकांनी पैसे परत मागितले का, हे ग्राहक सेवेच्या नोंदींत. लेखा विभागाच्या सॉफ्टवेअरमध्ये येते ती या चौघांची बेरीज, तीही बहुतेकदा महिन्याअखेरीला कुणीतरी एक्सेलमध्ये केलेली.

महसूल मुदतभर वाटायचा ठरला की प्रत्येक विद्यार्थ्यामागे सुरू-तारीख, शेवट-तारीख आणि वसुली या तीन गोष्टी अचूक लागतात, लाखो ओळींसाठी. त्या ओळी धंद्याच्या पहिल्या दिवसापासून नीट साठवल्या नसतील, तर मागे जाऊन त्या जुळवणं हे हिशेबाचं काम उरत नाही, उत्खनन होतं. अठरा महिने कुठे गेले याची आतली माहिती कंपनी आणि फर्म यांनाच असणार. पण ज्यांनी दहा हजार ग्राहकांच्या सबस्क्रिप्शनची अशी मागची जुळवाजुळव केली आहे, त्यांना तो आकडा ऐकून फारसा धक्का बसला नसेल.

कायदाही याच दिशेने सरकतो आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच लेखा सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा तारखेसह माग राहतो आणि तो बंद करता येत नाही. लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात त्यावर बोलावं लागतं. लहान फर्मना हा निव्वळ ताप वाटला; टॅलीची नवी आवृत्ती घ्या, ग्राहकाला समजावा, पैसे कोण देणार ते ठरवा. पण तो माग लेखा सॉफ्टवेअरपुरता आहे. अ‍ॅपच्या सर्व्हरवरची तारीख कुणी बदलली, हे त्यात येत नाही. खरा प्रश्न दोन प्रणाल्यांमधल्या पुलावर आहे, आणि तो पूल तपासायला सीएच्या जोडीला डेटाबेस वाचता येणारा माणूस लागतो. ज्या फर्ममध्ये असा माणूस नाही, तिने अशा कंपनीचं लेखापरीक्षण घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खुर्च्या किती, माणसं किती

आता मुख्य मुद्दा. हप्त्यांची योजना आखली गेली, 'बिनव्याजी' हा शब्द जाहिरातीत आला, थेट वर्ग पॅकेजमध्ये जोडले गेले, त्या-त्या बैठकीत 'याचा महसूल कसा धरायचा?' हे विचारायचं कुणी?

लेखापरीक्षकाने नाही. कंपनी कायद्याचं कलम १४४ वैधानिक लेखापरीक्षकाला त्याच कंपनीचं हिशेब लिहिण्याचं काम, अंतर्गत लेखापरीक्षण, वित्तीय माहिती प्रणालीची आखणी, व्यवस्थापकीय सेवा असं बरंच काही करण्यास मनाई करतं. ही मनाई योग्य आहे. स्वतः लिहिलेली वही स्वतःच तपासणं याला तपासणी म्हणत नाहीत. म्हणजे डेलॉइटने २०२० साली बायजूजच्या विक्री विभागात बसून पॅकेज आखायला मदत करायला हवी होती, असं कुणी म्हणत असेल तर ते चूक आहे. फर्मने मत द्यायचं, प्रश्न विचारायचे, धोक्याची घंटा वाजवायची. पण धोरण लिहायचं व्यवस्थापनाने.

व्यवस्थापनात ही खुर्ची मुख्य वित्त अधिकाऱ्याची. बायजूजमध्ये आधीचे वित्तप्रमुख २०२१ च्या अखेरीस गेले आणि पुढचे एप्रिल २०२३ मध्ये आले. मधली सव्वा वर्षाहून अधिकची पोकळी नेमकी त्या काळातली: मोठं परदेशी कर्ज नुकतं घेतलेलं, डझनभर ताब्यात घेतलेल्या कंपन्यांचे हिशेब एकत्र करायचे, महसुलाचं धोरण बदलायचं आणि देशातल्या सर्वांत महाग स्टार्टअपचा ताळेबंद पूर्ण करायचा. एप्रिलमध्ये आलेले अधिकारीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्या जुन्या कंपनीत परतले.

लहान स्टार्टअपना पूर्णवेळ वित्त अधिकारी परवडत नाही, आणि म्हणूनच सीए फर्मच्या कामाचं स्वरूप गेल्या दहा वर्षांत पालटलं आहे. पूर्वी सप्टेंबरात लेखापरीक्षण, बाकी वर्ष विवरणपत्रं. आता महिन्याच्या दहा तारखेच्या आत मागच्या महिन्याचा हिशेब बंद करून द्यायचा, रोकड किती महिने पुरेल ते सांगायचं, कर्मचाऱ्यांच्या समभाग योजनेचा हिशेब ठेवायचा, गुंतवणूकदाराची माणसं कागद मागतील तेव्हा फोल्डर तयार ठेवायचा. याला बाजारात 'व्हर्च्युअल सीएफओ', म्हणजे बाहेरून काम पाहणारा मुख्य वित्त अधिकारी, म्हणतात. लेखापरीक्षणाची फी संस्थापक घासाघीस करून कमी करतो. या कामाला मात्र महिन्याच्या महिन्याला पैसे देतो, कारण त्याचा उपयोग त्याला दिसतो. बऱ्याच फर्मनी त्यामुळे शहाणपणाने ठरवून टाकलं आहे: ज्याच्या वह्या आपण सांभाळतो त्याचं लेखापरीक्षण घ्यायचं नाही. काही मात्र भागीदाराच्या मित्राच्या फर्मकडे सही पाठवतात, आणि ती सही न वाचता होते. नाव दोन, खुर्ची एकच.

बायजूजसारखी कंपनी या सगळ्याच्या पलीकडे गेलेली होती. तिला बाहेरच्या वित्त अधिकाऱ्याची गरज नव्हती, आतल्याची होती. पैशाची कमतरताही नव्हती. क्रिकेट संघ आणि कतारच्या विश्वचषकाचं प्रायोजकत्व परवडणाऱ्या कंपनीला उत्तम वित्त विभाग परवडत नव्हता, हे पटणारं नाही.

आणखी एक खुर्ची गुंतवणूकदारांच्या सल्लागारांची. मोठी रक्कम घालण्याआधी गुंतवणूकदार हिशेबाच्या फर्मकडून आर्थिक छाननी करून घेतात. ही छाननी लेखापरीक्षणापेक्षा जास्त टोकदार असू शकते, कारण तिचा ग्राहक कंपनी नसून पैसे घालणारा असतो. जानेवारी २०२३ मध्ये गुरुग्रामच्या गोमेकॅनिक या गाडी दुरुस्तीच्या स्टार्टअपमधल्या हिशेबाच्या गडबडी अशाच छाननीत वर आल्या, आणि ती करत होती ईवाय ही हिशेबाची फर्म. पैसे येण्याआधी करार थांबला. बायजूजच्या बाबतीत पैसे येत राहिले. शर्यतीत मागे पडू नये म्हणून २०२१ मध्ये गुंतवणूकदार जुन्या ताळेबंदावर आणि कंपनीने दिलेल्या मासिक तक्त्यांवर विसंबून पुढे गेले. त्या वर्षीच्या बाजाराचा विचार करता हे समजू शकतं. क्षम्य म्हणता येणार नाही.

सोडून जाण्याची सोय

डेलॉइट गेली ते बरोबर की चूक, यावर दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. कागदच मिळत नसतील तर लेखापरीक्षक काय करणार, हा एक पक्ष. बुडतं जहाज सोडून पळाले, हा दुसरा. मला वाटतं फर्मचं निम्मं श्रेय लोक विसरतात. बायजूजच्या महसुलाबद्दलचं सर्वांत महत्त्वाचं सत्य बाहेर आलं ते कुणा पत्रकारामुळे किंवा गुंतवणूकदारामुळे नाही, लेखापरीक्षकाने हट्ट धरल्यामुळे आलं. ४,५८८ कोटींचा तो आकडा म्हणजे लेखापरीक्षण झोपलेलं नव्हतं याची पावती आहे. पण दुसरं निम्मं असं की सप्टेंबर २०२२ उलटून गेल्यावर पुढचे जवळजवळ नऊ महिने काम सुरूच झालं नाही, आणि बाहेरच्या कुणालाही फर्मकडून काही कळलं नाही. कळलं ते राजीनाम्याच्या पत्रातून.

यात कायद्याची एक फट आहे. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असती तर दर तिमाहीचे आकडे ४५ ते ६० दिवसांत द्यावे लागले असते, आणि सेबीच्या ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे लेखापरीक्षकाला त्या-त्या तिमाहीचा किंवा वर्षाचा अहवाल दिल्याशिवाय सहज निघता आलं नसतं. नोंदणी नसलेल्या कंपनीला यातलं काही लागू नाही. ३० दिवसांत एक फॉर्म भरायचा, कारण लिहायचं, संपलं. हजार कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या, नोंदणी नसलेल्या पब्लिक लिमिटेड कंपन्यांचे लेखापरीक्षक राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतात खरे, पण थिंक अँड लर्न पडली प्रायव्हेट लिमिटेड, आणि ती चौकशीही घडून गेल्यावरची. वेळेत ताळेबंद देण्याची सक्ती त्यातून होत नाही. उशिराची किंमत शेवटी वसूल केली ती सावकारांनी. वेळेवर लेखापरीक्षित हिशेब देणं ही कर्जाची अट होती. ती मोडल्यावरून सुरू झालेला वाद जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात पोचला, डेलॉइटच्या राजीनाम्याच्या सुमारे दोन आठवडे आधी.

पुढची घसरण सर्वांना माहीत आहे. प्रोससने आपली गुंतवणूक शून्यावर आणली. जुलै २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून बंगळुरूच्या कंपनी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. मंडळाशी झालेल्या समझोत्याला अपील न्यायाधिकरणाने दिलेली मंजुरी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

दुसरी फर्म

डेलॉइट गेल्यावर लगेच बीडीओ या आंतरराष्ट्रीय हिशेब फर्मच्या जाळ्यातली एमएसकेए अँड असोसिएट्स ही फर्म नेमली गेली, पाच वर्षांसाठी, २०२१-२२ च्या रखडलेल्या वर्षापासून. ते वर्ष त्यांनी पूर्ण केलं. त्यापुढचं मात्र झालं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनीही राजीनामा दिला: सहकार्य अपुरं, कागद उशिरा, दुबईतल्या एका पुनर्विक्रेत्याकडून येणं असलेली मोठी रक्कम वसूल होण्याबद्दल शंका. कंपनीने हे फेटाळलं आणि उलट फर्मवरच आरोप केले. कुणाचं खरं, हे ठरवण्याची जागा ही नव्हे.

मला विचार करावासा वाटतो तो जून २०२३ च्या त्या आठवड्याचा. एखादी फर्म अशा कंपनीची नेमणूक स्वीकारते तेव्हा ती काय पाहून स्वीकारते? सनदी लेखापाल कायद्याप्रमाणे नव्या लेखापरीक्षकाने जुन्याला लेखी विचारणा करणं बंधनकारक आहे. आपल्याकडे तिला सर्रास 'एनओसी' म्हणतात आणि ती एक औपचारिकता मानतात; कुरिअर गेलं, पोच आली, फायलीत लागली. बायजूजमध्ये आधीच्या फर्मचं उत्तर तर जाहीरच होतं, वर्तमानपत्रांत छापून आलेलं.

अशा वेळी नकार द्यावा, असं मी म्हणत नाही. सगळ्यांनीच नकार दिला तर वह्या कधीच तपासल्या जाणार नाहीत, आणि कर्मचारी, पालक, लहान घेणेकरी यांना कळणार काहीच नाही. पण स्वीकारायचं तर नेमणुकीच्या पत्रावर सही करण्याआधी काही गोष्टी लेखी हव्यात. पूर्णवेळ वित्त अधिकारी किमान त्या वर्षाची सही होईपर्यंत राहील आणि गेला तर फर्मला त्याच आठवड्यात कळवलं जाईल. विक्री प्रणाली, वित्तसंस्थांच्या फायली आणि सर्व्हर यांतला मूळ डेटा फर्मला थेट वाचता येईल, एक्सेलमध्ये गाळून दिलेला नव्हे. आणि ठरलेल्या तारखेला कागद आले नाहीत तर फर्म संचालक मंडळाला लेखी कळवेल, त्या पत्राची प्रत गुंतवणूकदारांच्या प्रतिनिधींना जाईल. जूनच्या त्या आठवड्यात या शेवटच्या अटीची अडचण वेगळीच होती. प्रत घ्यायला मंडळात उरलं होतं कोण? तिन्ही बडे गुंतवणूकदार बाहेर पडल्यावर संस्थापक, त्यांची पत्नी आणि त्यांचा भाऊ, एवढेच संचालक शिल्लक होते.